रसायनशास्त्रातील संशोधकाचा प्रभाव आणि सायटेशनचे आकडे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पेपर किती, सायटेशन किती, एच-इंडेक्स किती? नेमणूक, बढती, अनुदान, पीएच.डी.साठी मार्गदर्शकाची निवड, अशा प्रत्येक टप्प्यावर हेच तीन प्रश्न पुढे येतात. आकडे एका क्लिकवर मिळतात; ते कशाचे आहेत हे मात्र फार थोडे जण तपासतात. रसायनशास्त्रात काम करणाऱ्यांना आणि त्यांचे मूल्यमापन करणाऱ्यांना नेहमी पडणाऱ्या प्रश्नांची उत्तरे इथे दिली आहेत. जिथे माझे मत आहे तिथे ते मत म्हणूनच वाचावे.

सायटेशन मोजतात म्हणजे नेमके काय मोजतात?

एका पेपरच्या संदर्भसूचीत दुसऱ्या पेपरचा उल्लेख आला की दुसऱ्याच्या खात्यात एक सायटेशन जमा होते. उल्लेख का केला, हे मोजणीत उतरत नाही. रसायनशास्त्रात तर कारणे नाना तऱ्हेची असतात. अभिक्रिया आधी कोणी केली ते सांगायचे असते. संयुगाचा एनएमआर (रेणूची रचना ओळखण्यासाठी घेतलेला वर्णपट) आधीच्या नोंदीशी जुळतो हे दाखवायचे असते. आधीच्या उत्प्रेरकापेक्षा आपला यील्ड (मिळणाऱ्या उत्पादाचे प्रमाण) जास्त आहे हे सिद्ध करायचे असते. कधी जुना निष्कर्ष खोडूनच काढायचा असतो. मोजणीत या सगळ्यांचे वजन सारखेच.

सर्वाधिक सायटेशन मिळवलेला पेपर पाहिला की हे लगेच पटते. प्रथिनांचे प्रमाण मोजण्याची ऑलिव्हर लॉरी आणि सहकाऱ्यांची १९५१ मधील पद्धत तीन लाखांहून अधिक वेळा उल्लेखली गेली आहे. हा काही थोर पेपर नव्हे, असे स्वतः लॉरी यांचेही म्हणणे होते. जगभरच्या प्रयोगशाळांत तांबे आणि फोलिन अभिकर्मक वापरून प्रथिने मोजली गेली आणि प्रत्येकाने प्रामाणिकपणे संदर्भ दिला, म्हणून हा डोंगर उभा राहिला. सायटेशन ही वापराची खूण आहे, असे मी समजतो. एखाद्याचे काम इतरांच्या हाती पडले आणि उपयोगी आले, ही मोठीच गोष्ट आहे. पण कामाची खोली किंवा अवघडपणा यांबद्दल हा आकडा काही बोलत नाही.

एच-इंडेक्स कसा काढतात?

ही कल्पना भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज हर्श यांनी २००५ साली मांडली. पेपर सायटेशनच्या उतरत्या क्रमाने लावायचे आणि वरून मोजत जायचे. ज्या क्रमांकापर्यंत पेपरची सायटेशन त्याच्या क्रमांकाइतकी किंवा अधिक आहेत, तो शेवटचा क्रमांक म्हणजे एच-इंडेक्स.

समजा, एका संशोधिकेचे दहा पेपर आहेत आणि त्यांची सायटेशन अनुक्रमे १२०, ६४, ३०, १८, ११, ९, ७, ४, २ आणि ० आहेत. सातव्या पेपरला ७ आहेत, म्हणजे तो बसतो. आठव्याला ४ च आहेत, तो बसत नाही. म्हणून एच-इंडेक्स ७. गुगल स्कॉलरचा आय-१० इंडेक्स, म्हणजे किमान दहा सायटेशन मिळालेल्या पेपरची संख्या, इथे ५ येतो. एकूण सायटेशन २६५, सरासरी २६.५. पण मधला पेपर पाहिला तर मध्यक १० च भरतो, कारण सरासरी एकट्या पहिल्या पेपरने वर ओढली आहे.

आता त्या पहिल्या पेपरला १२० ऐवजी २,००० सायटेशन मिळाली असे धरा. एच-इंडेक्स तरीही ७ च राहतो. एखाद्याच पेपरने आलेली सूज तो चढू देत नाही, हे त्याचे बळ. आणि खरोखर युगप्रवर्तक असलेला एकच पेपर त्याला दिसत नाही, ही त्याची मर्यादा. ही उणीव भरून काढण्यासाठी लिओ एग्घे यांनी २००६ मध्ये जी-इंडेक्स सुचवला. त्यात वरच्या पेपरची जास्तीची सायटेशन हिशेबात येतात. समित्यांत मात्र तो क्वचितच कोणी विचारतो.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. एच-इंडेक्स कमी होत नाही. संशोधकाने काम थांबवले तरी तो वाढत राहू शकतो.

मग एच-इंडेक्स किती असला म्हणजे चांगला?

याचे सरसकट उत्तर नाही, आणि कोणी छातीठोकपणे एक आकडा सांगत असेल तर सावध राहावे. हर्श यांनी मूळ पेपरात भौतिकशास्त्रज्ञांसाठी एक अंदाज दिला होता: वीस वर्षांच्या कामानंतर २० म्हणजे यशस्वी, ४० म्हणजे उत्कृष्ट, ६० म्हणजे अगदी विरळा. तो आकडा भौतिकशास्त्राचा, त्या काळचा. आज तोच जसाच्या तसा रसायनशास्त्रातल्या तरुण सहायक प्राध्यापकाला लावणे अन्यायाचे आहे.

वयाचा फरक थोडा कमी करायचा तर एच-इंडेक्सला पहिल्या पेपरपासूनच्या वर्षांनी भागतात. त्यालाही मर्यादा आहेत: प्रसूती, आजारपण, उद्योगातली नोकरी यांमुळे पडलेला खंड भागाकारात उघड दिसत नाही. आणि पहिल्या चार-पाच वर्षांत हा भागाकार इतका डळमळीत असतो की दोन पेपरने चित्र पालटते. याच हर्श यांनी पुढे २०२० मध्ये आपल्या निर्देशांकाच्या दुष्परिणामांबद्दल जाहीरपणे लिहिले, हे एच-इंडेक्सवर विसंबणाऱ्या प्रत्येकाला माहीत असावे.

गुगल स्कॉलर, स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स तीन वेगळे आकडे का दाखवतात?

हे तिन्ही पेपर आणि त्यांची सायटेशन शोधून देणारे ऑनलाइन स्रोत आहेत, पण तिघेही वेगवेगळ्या साठ्यातून मोजतात. वेब ऑफ सायन्स आणि स्कोपस निवडक जर्नल घेतात. गुगल स्कॉलर प्रबंध, प्रीप्रिंट (समीक्षेआधीच खुले केलेले पेपर), पुस्तके, परिषदांची टिपणे, विद्यापीठांच्या संकेतस्थळांवरच्या फाइली, सगळे वेचतो. म्हणून त्याचा आकडा बहुधा सर्वांत मोठा असतो आणि त्यात दुबार नोंदीही शिरतात. दोन उमेदवारांची तुलना करताना एकाचा आकडा स्कोपसचा आणि दुसऱ्याचा गुगल स्कॉलरचा घेतला, तर ती तुलना मुळातच फसते. हे इतके साधे आहे, तरी अर्ज छाननीत पुन्हा पुन्हा घडते.

इम्पॅक्ट फॅक्टर मोठा असलेल्या जर्नलमध्ये पेपर आला म्हणजे पेपर मोठा का?

नाही. इम्पॅक्ट फॅक्टर हा जर्नलचा आकडा आहे. २०२४ चा इम्पॅक्ट फॅक्टर काढायचा तर त्या जर्नलच्या २०२२ आणि २०२३ मधील लेखनाला २०२४ मध्ये मिळालेली सायटेशन मोजतात आणि त्या दोन वर्षांतल्या मोजणीयोग्य लेखांच्या संख्येने भागतात. ही कल्पना मांडणारे यूजीन गारफील्ड यांची पहिली पदवी रसायनशास्त्रातलीच होती, आणि रासायनिक नावांवरून रेणुसूत्र काढण्याची रीत हा त्यांच्या डॉक्टरेटचा विषय होता. जर्नलची निवड सोपी व्हावी, हा त्यांच्या आकड्याचा एक मुख्य उपयोग होता. माणसांच्या निवडीसाठी त्याचा वापर नंतर रूढ झाला.

सरासरी किती फसवी ठरू शकते, याचे सर्वांत बोलके उदाहरण स्फटिकशास्त्रातले आहे. जॉर्ज शेल्ड्रिक यांनी २००८ साली ‘अ‍ॅक्टा क्रिस्टलोग्राफिका ए’ मध्ये शेल्‌एक्स या आपल्या आज्ञावलीचा इतिहास सांगणारा लेख लिहिला. स्फटिकरचना सोडवणारे जगभरचे रसायनशास्त्रज्ञ ही आज्ञावली वापरत होतेच. त्यांना संदर्भासाठी एक नेमका पेपर मिळाला. त्या जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर २००८ मध्ये सुमारे २ होता, तो २००९ मध्ये जवळजवळ ५० झाला. त्याच वर्षी त्याच जर्नलमध्ये छापलेल्या दुसऱ्या एखाद्या लेखकाचे काम एका वर्षात पंचवीसपट सुधारले होते का? अर्थातच नाही. त्याचा पेपर होता तसाच होता.

एवढी टोकाची स्थिती क्वचित येते, पण कल तोच असतो. कोणत्याही जर्नलमध्ये थोडे पेपर पुष्कळ सायटेशन आणतात आणि बहुसंख्य पेपर सरासरीच्या खाली राहतात. त्यामुळे जर्नलच्या आकड्यावरून एका पेपरचे भविष्य सांगता येत नाही. डिसेंबर २०१२ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे आकाराला आलेल्या आणि ‘डोरा’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जाहीरनाम्याने नेमके हेच सांगितले: नेमणूक, बढती किंवा अनुदान ठरवताना जर्नलचे आकडे पेपरच्या गुणवत्तेच्या जागी वापरू नका. उमेदवारांच्या प्रत्येक पेपरचा इम्पॅक्ट फॅक्टर घेऊन त्यांची बेरीज करण्याची जी पद्धत काही ठिकाणी आहे, तिला माझ्या मते काहीच अर्थ नाही. ती बेरीज कोणत्याच गोष्टीची नाही.

रसायनशास्त्राच्या वेगवेगळ्या शाखांतल्या संशोधकांची तुलना करता येते का?

कच्च्या आकड्यांवर तरी नाही. मला विचाराल तर सगळ्यात जास्त अन्याय याच ठिकाणी होतो.

एखाद्या गुंतागुंतीच्या नैसर्गिक संयुगाचे संपूर्ण संश्लेषण घ्या. दोन-तीन विद्यार्थ्यांची चार-पाच वर्षे त्यात जातात, पायरी पायरीने तीस टप्पे चढावे लागतात, मध्येच मार्ग बंद पडतो, पुन्हा मागे यावे लागते. शेवटी एक पेपर निघतो. त्याचे वाचक म्हणजे त्या प्रकारच्या रेणूंवर काम करणारे मोजके गट. दुसरीकडे बॅटरी, पेरोव्हस्काइट सौर घट किंवा पाण्याचे विद्युत-विघटन घडवणारे उत्प्रेरक यांवर हजारो गट एकाच वेळी झटत आहेत. पेपर भराभर निघतात, संदर्भसूच्या लांबलचक असतात आणि प्रत्येक जण गेल्या दोन वर्षांतल्या कामाशी आपली तुलना करतो. तिथे सामान्य पेपरलाही जी सायटेशन मिळतात, ती संश्लेषणातल्या उत्तम पेपरलाही मिळत नाहीत.

संगणकीय रसायनशास्त्राचे गणित आणखी निराळे. २०१४ मध्ये वेब ऑफ सायन्सच्या आधारे केलेल्या सर्वकालीन यादीत पहिल्या दहांत घनता-फलन सिद्धान्तावरचे (इलेक्ट्रॉनांच्या घनतेवरून रेणूचे गुणधर्म काढण्याची रीत) दोन पेपर होते: ली, यांग आणि पार यांचा १९८८ चा आणि अ‍ॅक्सेल बेके यांचा १९९३ चा. ही सूत्रे संगणक आज्ञावलींत बसली आणि त्यांच्यावर आधारलेल्या बी३एलवायपी या गणनपद्धतीचे नाव प्रायोगिक पेपरांच्या पुरवणीतही दिसू लागले. साधन बनवणाऱ्याला मिळणारे हे श्रेय रास्तच आहे; फक्त त्याच मापाने गतिकी अभ्यासणाऱ्याला किंवा विश्लेषण रसायनातल्या संशोधकाला मोजू नये.

यावर उपाय म्हणून शाखा, वर्ष आणि लेखप्रकार यांनुसार जुळवून घेतलेले निर्देशांक निघाले. स्कोपसमधला फील्ड-वेटेड सायटेशन इम्पॅक्ट त्यांपैकी एक. १ म्हणजे तशाच पेपरच्या जागतिक सरासरीइतकी सायटेशन, १.५ म्हणजे पन्नास टक्के जास्त. पण ही शेवटी सरासरीच आहे आणि पेपर कमी असले की एकच गाजलेला पेपर तिला कुठच्या कुठे नेतो. त्यापेक्षा आपल्या शाखेत, त्या त्या वर्षी, सायटेशनच्या वरच्या दहा टक्क्यांत किती पेपर आले हे विचारणे अधिक भरवशाचे. शिवाय शाखा बहुधा जर्नलवरून ठरवली जाते. जैवरसायन आणि पदार्थविज्ञान यांच्या सीमेवर काम करणाऱ्याचा पेपर भलत्याच गटात पडू शकतो.

रिव्ह्यू लेख मोजावेत की नाही?

मोजावेत, पण वेगळे. रिव्ह्यूला, म्हणजे एखाद्या विषयावरच्या आधीच्या संशोधनाचा आढावा घेणाऱ्या लेखाला, मूळ संशोधनापेक्षा सहसा जास्त सायटेशन मिळतात, कारण प्रस्तावनेत दहा पेपरऐवजी एकच रिव्ह्यू नोंदवणे सोयीचे पडते. ‘केमिकल रिव्ह्यूज’ या जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर ‘जर्नल ऑफ द अमेरिकन केमिकल सोसायटी’ च्या कितीतरी पट असतो, त्याचेही कारण हेच. चांगला रिव्ह्यू लिहायला विषयावर पकड लागते, तो नव्या विद्यार्थ्यांना वाट दाखवतो. तरीही एच-इंडेक्समधला निम्मा भाग रिव्ह्यूंचा असेल तर ते उघडपणे दिसायला हवे.

बारा लेखकांच्या पेपरमध्ये श्रेय कोणाचे?

रसायनशास्त्रात ढोबळ रीत अशी: पहिला लेखक म्हणजे प्रयोगाचा मुख्य भार उचललेला, नावापुढे तारा असलेला करस्पॉन्डिंग ऑथर म्हणजे बहुधा गटप्रमुख, आणि तो अनेकदा शेवटी असतो. मधल्या नावांत एखाद्याने महिनोन्‌महिने मोजमापे केलेली असतात, तर एखाद्याने फक्त एक स्पेक्ट्रम घेतलेला असतो. एच-इंडेक्स मात्र सर्वांना पूर्ण सायटेशन देतो. मध्यवर्ती उपकरण केंद्र चालवणाऱ्याचा एच-इंडेक्स म्हणूनच भराभर वाढतो आणि दोघा विद्यार्थ्यांसह सिद्धान्त मांडणाऱ्याचा सावकाश.

हल्ली अनेक जर्नल प्रत्येकाने नेमके काय केले हे चौदा भूमिकांच्या ठरलेल्या यादीतून नोंदवायला लावतात. मूल्यमापन करणाऱ्यांनी ती ओळ वाचावी. संशोधकांनीही ती प्रामाणिकपणे भरावी, विशेषतः विद्यार्थ्यांच्या बाबतीत. त्यांच्याकडे दाखवायला दुसरे फारसे काही नसते.

स्वतःचेच पेपर सायट करणे गैर आहे का?

मुळीच नाही. एका लिगँडवर (धातूच्या अणूला जोडला जाणारा रेणू किंवा आयन) आठ वर्षे काम करणारा गट नवव्या वर्षीच्या पेपरमध्ये आधीच्या कामाचा उल्लेख करणारच. तसे न करणे हीच वाचकाची गैरसोय. गडबड तेव्हा असते, जेव्हा संदर्भाचा मजकुराशी संबंध उरत नाही, मोजक्या गटांचे पेपर एकमेकांनाच सायट करत फिरतात, किंवा समीक्षक स्वतःचे पेपर घालायला भाग पाडतो. स्कोपसमध्ये स्वतःची सायटेशन वगळून आकडा पाहता येतो. दोन्ही आकडे शेजारी ठेवले की बहुतेक वेळा शंका तिथेच मिटते किंवा तिथेच सुरू होते.

जास्त सायटेशन म्हणजे निष्कर्ष बरोबर, असे धरायचे का?

मार्च १९८९ मध्ये फ्लाइशमन आणि पॉन्स या दोन विद्युतरसायनशास्त्रज्ञांनी यूटा विद्यापीठात शीत संमीलनाची, म्हणजे साध्या तापमानाला अणुकेंद्रके एकत्र जोडल्याची, घोषणा केली. त्यांच्या पेपरला भरघोस सायटेशन मिळाली, त्यांतली कितीतरी हा प्रयोग आमच्याकडे जमला नाही असे सांगणाऱ्यांची होती. मोजणी करणाऱ्या यंत्राला हा फरक कळत नाही. मागे घेतलेले पेपरही पुढे वर्षानुवर्षे सायट होत राहतात, कारण जुनी पीडीएफ प्रयोगशाळेच्या संगणकावर तशीच पडून असते. यादीत एखादा पेपर फार वर दिसला तर त्याला सायट करणारे चार-पाच पेपर उघडून पाहावेत.

चांगले काम असूनही सायटेशन येत नाहीत, असे होते का?

होते, आणि कधी कधी दशकानुदशके. हमर्स आणि ऑफमन या उद्योगात काम करणाऱ्या दोघांनी १९५८ साली ग्रॅफाइट ऑक्साइड बनवण्याची रीत एका छोट्याशा पेपरमध्ये दिली. पुढे जवळपास अर्धशतक तो पेपर फारसा कोणाच्या नजरेत नव्हता. २००४ मध्ये मँचेस्टरमध्ये ग्राफीन (ग्रॅफाइटचा एका अणूइतका जाड थर) वेगळे केले गेले, ग्राफीन ऑक्साइडची मागणी उसळली, आणि आज ‘हमर्स पद्धत’ माहीत नाही असा पदार्थरसायनाचा विद्यार्थी सापडणे कठीण. अशा पेपरना ‘निद्रिस्त सुंदरी’ म्हणतात.

जॉन गुडइनफ यांच्या ऑक्सफर्डमधील गटाने लिथियम कोबाल्ट ऑक्साइडचा पेपर १९८० मध्ये ‘मटेरियल्स रिसर्च बुलेटिन’ मध्ये छापला. इम्पॅक्ट फॅक्टरच्या शर्यतीत पुढे असणारे हे जर्नल नव्हे. त्या पदार्थावर आधारलेली बॅटरी सोनीने १९९१ मध्ये बाजारात आणली आणि गुडइनफ यांना नोबेल २०१९ मध्ये मिळाले. तीन वर्षांच्या सायटेशनवर बढती ठरवणाऱ्या समितीने हे लक्षात घ्यावे, असे मला कळकळीने वाटते.

सायटेशनमध्ये न दिसणारे काम कोणते?

बरेच. रसायनशास्त्राचे मोठे दालन पेटंटमध्ये असते आणि पेपरांच्या मोजणीत त्याला सहसा जागा नसते. केंब्रिजच्या स्फटिकरचना साठ्यात १९६५ पासून रचना जमा होत आहेत, २०१९ मध्ये त्यांची संख्या दहा लाखांवर गेली. तिथे काळजीपूर्वक दिलेली प्रत्येक रचना दुसऱ्या कोणाच्या तरी गणिताचा पाया ठरू शकते. १९२१ पासून निघणाऱ्या ‘ऑरगॅनिक सिंथेसिस’ मध्ये छापण्याआधी प्रत्येक कृती संपादक मंडळातल्या सदस्याच्या प्रयोगशाळेत करून पाहिली जाते. ते करून पाहणाऱ्याचे श्रम कोणत्याच निर्देशांकात येत नाहीत. विद्यार्थ्यांना व्हॅक्यूम लाइन हाताळायला शिकवणे, सुरक्षिततेची शिस्त लावणे, दुसऱ्यांच्या पेपरची नीट समीक्षा करणे, हेही नाही.

‘जगातील वरच्या दोन टक्क्यांत’ म्हणजे काय?

जॉन आयोनिडिस आणि सहकाऱ्यांनी स्कोपसच्या आधारे केलेली ही यादी. तिच्यात एकच आकडा नसून सहा निर्देशांकांचा मेळ घातलेला असतो. एकट्याने लिहिलेले, पहिल्या आणि शेवटच्या स्थानावरचे पेपर वेगळे धरले जातात. याद्या दोन असतात: संपूर्ण कारकिर्दीची आणि एकाच वर्षात मिळालेल्या सायटेशनची. बातमी वाचताना कोणती यादी हे आधी विचारावे. वेब ऑफ सायन्स चालवणाऱ्या क्लॅरिव्हेट कंपनीची सर्वाधिक सायटेशन मिळवणाऱ्यांची यादी वेगळी. संशयास्पद वाढ दिसल्याने २०२३ मध्ये तिच्यातून हजाराहून अधिक नावे वगळण्यात आली.

समाजमाध्यमांवरची चर्चा मोजणारे आकडे उपयोगी आहेत का?

लक्ष कुठे गेले ते कळते. त्यापलीकडे मी त्यांना वजन देत नाही.

माझे आकडे चुकीचे दिसतात. काय करू?

आधी ऑर्किड (ORCID) हा संशोधकाची ओळख पटवणारा क्रमांक काढा. हा सोळा अंकी क्रमांक मोफत मिळतो आणि पेपर पाठवताना तो दिला की नामसाधर्म्याचा घोळ पुष्कळ टळतो. मग स्कोपसमध्ये तुमच्या नावाची दोन-तीन खाती झाली आहेत का ते पाहा. आडनाव बदलले असेल किंवा आद्याक्षरे कधी एक, कधी दोन छापली असतील तर हे हमखास होते. खाती एकत्र करण्याची विनंती तिथूनच पाठवता येते. गुगल स्कॉलरमध्ये दुसऱ्याचे पेपर आपोआप चिकटले असतील तर ते स्वतः काढून टाका, आकडा उतरला तरी. पुढे कोणी तपासले तर उत्तर तुम्हालाच द्यावे लागेल.

बायोडेटात हे सगळे कसे लिहावे?

स्रोत आणि तारीख लिहिल्याशिवाय एकही आकडा देऊ नका. रिव्ह्यू आणि मूळ पेपर वेगळे दाखवा, करस्पॉन्डिंग ऑथर असलेले पेपर खुणेने कळवा, स्वतःची सायटेशन वगळून येणारा आकडाही द्या. मग आपल्याला सर्वांत महत्त्वाचे वाटणारे तीन ते पाच पेपर निवडा आणि प्रत्येकाखाली दोन ओळी लिहा: प्रश्न काय होता, तुम्ही स्वतः काय केले, पुढे ते कोणी वापरले. एखाद्या दुसऱ्या गटाने तुमची अभिक्रिया त्यांच्या रेणूवर यशस्वीपणे चालवली असेल तर त्या पेपरचा उल्लेख तिथेच करा. समितीत तुमच्या शाखेचा जाणकार असेल तर तो सर्वांत आधी हाच पेपर उघडेल.